नवतपा आणि आम्ही दोघे

नागपूरला पाहुणे येतात ते डिसेंबरात. बाजारात संत्र्यांचे ढीग लागलेले असतात, थंडी अंगाला गोड वाटत असते, आणि १९५३ च्या नागपूर कराराने दिलेल्या वचनाला जागून राज्याचे सरकार अधिवेशनासाठी बिऱ्हाड हलवून इथे येते. मोटारींचे ताफे फिरतात, मोर्चे निघतात, हॉटेलांत खोली मिळत नाही. तेव्हाचे नागपूर सगळ्यांचे. मे महिन्यातले नागपूर मात्र ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही त्यांचे, आणि ज्यांना जायचेच नाही त्यांचे. इंग्रजांना हे फार लवकर कळले होते. मध्यप्रांताची राजधानी नागपूरला खरी, पण उन्हाळा लागला की साहेबलोक दप्तरासकट पचमढीच्या डोंगरावर जात. उरलेली कारकून मंडळी खाली घाम पुशीत बसत. आम्ही त्याच परंपरेतले. सरकार हिवाळ्याचे, उन्हाळा पेन्शनरांचा.

आपल्यापैकी जे पुण्या-मुंबईकडचे असतील त्यांना नवतपा म्हणजे काय ते सांगायला हवे. साधारण २५ मे रोजी सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो. तिथून पुढचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. नवतपा जितका तापेल तितका पाऊस चांगला, अशी इकडची समजूत आहे. त्यामुळे अंगाची लाही होत असतानाही इथला माणूस समाधानाने म्हणतो, "तपू द्या जी, मृग चांगला बरसेल." पारा या दिवसांत पंचेचाळिसाच्या आसपास खेळत असतो. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७ च्याही पुढे गेला होता. चाळीस अंश असले तर नागपूरकर "आज जरा बरं आहे" असे म्हणून बाहेर पडतो.

आमचे घर धरमपेठेच्या बाजूला, गोकुळपेठेचा बाजार पायी गाठता येईल इतक्या अंतरावर. बैठे घर, वर गच्ची, दारात एक कडुनिंब. मी निवृत्त झालो त्याला २०२४ च्या उन्हाळ्यात चौदा वर्षे झाली होती. सौभाग्यवती शाळेत गणित शिकवीत असत. त्यांना निवृत्त होऊन बारा. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला. गल्लीत नऊ घरे. त्यांतल्या पाच घरांत आमच्यासारखीच दोन-दोन माणसे आणि एका घरात एकच. त्या म्हणजे समोरच्या सिस्टर. सरकारी इस्पितळात परिचारिका म्हणून साऱ्या जन्माची नोकरी झाल्यामुळे निवृत्तीनंतरही गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. दोन घरे कंत्राटदाराला दिलेली, त्यांच्याभोवती पत्रे उभे आहेत.

त्या एप्रिलात बाजारातून येताना हिला चक्कर आली. भाजीवाल्याने स्टुलावर बसवले, पाणी पाजले, आणि पोराबरोबर घरी पाठवून दिले. गोष्ट एवढीच, पण ती बंगळूरला पोहोचली. रात्री मुलाचा फोन आला. "आई, आता पुरे झालं. मे लागायच्या आत इकडे या. घराचं काय करायचं तेही एकदा ठरवून टाकू." सूनबाईंनीही आग्रह केला. दोघांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. पण आमच्या घरात चाळीस वर्षे गणित नांदले आहे. परीक्षा घेतल्याशिवाय निकाल लावणे हिला मान्य नाही. ती म्हणाली, "नवतपा होऊ दे. तो निभावला तर राहू. नाही निभावला तर तू म्हणशील तसं."

तर २०२४ चा हा नवतपा आमच्यासाठी निव्वळ उन्हाळा नव्हता. राहायचे की सोडायचे याची ती परीक्षा होती. २५ तारखेला शनिवार होता. पहिल्या दिवशी सगळेच हुशार असतात, म्हणून हिशेब रविवारपासून धरतो.

उन्हाळ्यात नागपूरचे दोन दिवस होतात. पहिला पहाटे साडेचार ते सकाळी साडेआठ, दुसरा संध्याकाळी साडेसहा ते रात्री अकरा. मधली वेळ म्हणजे उजेडातली रात्र. तेव्हा घरे मिटलेली असतात, रस्ते निर्मनुष्य असतात. काही चौकांतले सिग्नलसुद्धा भर दुपारी बंद ठेवतात, म्हणजे तांबड्या दिव्यापाशी कोणाला उन्हात उभे राहावे लागू नये. आम्ही पहिल्या दिवसात फुटाळा तलावाकडे एक फेरी मारतो. पाण्यावरून येणारी झुळूक अंगावर घेण्यासाठी निम्मे पेन्शनर नागपूर तिथे लोटते. वाटेत जिथे कडुनिंब दोन्ही बाजूंनी माथ्यावर येतात तिथे चाल आपोआप मंदावते. डांबराचा मोकळा पट्टा आला की पाय उचलतात. रात्रभर निवूनही ते डांबर पहाटे कोमटच असते. झाडाची किंमत सरकारी फलक वाचून कळत नाही. सत्तरीतल्या तळपायांना ती बरोबर कळते.

सात वाजण्यापूर्वी परत. मग हिची रांगोळी, माझा कूलर. वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याचा काळ मी लहानपणी पाहिला आहे. तो ओला सुगंध आता गेला, पण तत्त्व तेच राहिले. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवत, खाली पाण्याचा हौद, वर पाणी चढवणारा चिमुकला पंप आणि पुढे पंखा. ही शाळेतल्या मुलींना समजावी तसे मला दरवर्षी समजावते : पाण्याची वाफ होताना उष्णता लागते, ती ते हवेतूनच घेते, म्हणून हवा गार होते. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. नागपूरची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेले धोतर दुसरे टोक दोरीवर टाकीपर्यंत पहिल्या टोकाला सुकते. त्यामुळे बाहेर ४४ असताना आत दहा-बारा अंशांची सूट सहज मिळते. हाच कूलर मुंबईत नेला तर दमट वाऱ्याखेरीज काही देणार नाही. आणि इथेही मृगाचे ढग आले की तो रुसतो. मात्र तो पाणी पितो. दिवसाला पाच-सहा बादल्या. पेंच आणि कन्हानचे पाणी नळाला येते तेव्हा पहिला मान त्याचा.

शिवाय गच्चीला दर एप्रिलात चुन्याचा पांढराशुभ्र हात द्यायचा, हा हिचा दंडक. पांढऱ्या रंगावरून ऊन परतते आणि खालची खोली तेवढी कमी तापते. शेजारी प्रथम हसले. आता चार गच्च्या पांढऱ्या दिसतात.

सोमवारी बाजार. चक्कर आल्यापासून सकाळी साडेसातच्या आत जायचे, असा करार झाला होता. बैगनपल्ली आंबे, टरबुजांच्या राशी, पन्ह्यासाठी कैऱ्या आणि सांबाराच्या जुड्या. पाहुण्या वाचकांनी गोंधळू नये. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. भाजीवाल्याने हिला पाहताच डोळे मोठे केले. "आजी, उन्हात कायले येता जी? सांगून देत जा ना, पोट्ट्याच्या हाती धाडून देतो." ही म्हणाली, "बाबा रे, तू भाजी धाडशील. माणसं कशी धाडशील?" तो हसला आणि त्याने सांबाराची एक जुडी वर टाकली. नवतप्यातले जेवण साधे असते. सकाळी ज्वारीची आंबील, दुपारी भाकरी, चून, कांदा आणि ताक. चार वाजता पन्हे किंवा बेलाचे सरबत. बाहेर पडताना खिशात कांदा ठेवायचा, हाही इथला जुना रिवाज. डॉक्टर त्यावर हसतात, पण खिसा तपासत नाहीत.

मंगळवारी त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती सगळ्या पिकल्या केसांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. वय झाले की तहान लागण्याची जाणीवच मंद होते. शरीराला पाणी हवे असते, पण जीभ तसे सांगत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नका, घड्याळ पाहून प्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातले पाणी बाहेर काढणाऱ्या असतात. तेव्हा उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारून त्यांचे प्रमाण तपासून घ्यावे, आपल्या मनाने बंद मात्र करू नये. हिची एक गोळी त्यांनी अर्ध्यावर आणली. घरी आल्यावर हिने स्वयंपाकघरात दर तासाच्या पेल्याचा तक्ता लावला. तिचा रकाना, माझा रकाना. माझ्या रकान्यात चार वेळा लाल शेरा पडला.

बुधवारी चैन केली. दुपारी अकरा वाजता शंकरनगरहून मेट्रोत बसलो, ते थेट पूर्वेच्या टोकाला प्रजापतीनगरला उतरलो, आणि त्याच वाटेने परत आलो. काम काही नव्हते. सीताबर्डीला दोन्ही मार्ग एकमेकांना छेद देतात, तिथे उतरून गाडी बदलणाऱ्यांची गर्दी पाहिली. पुढे उंचावरून कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, चितार ओळीच्या बाजूची जुनी दाट वस्ती पाहिली. ११ डिसेंबर २०२२ पासून हा मार्ग या टोकापर्यंत सुरू झाला आहे. माझ्या जन्मगावाची छपरे मी सत्तरी ओलांडल्यावर प्रथम वरून पाहिली, आणि तीही गार हवेत बसून. त्या छपरांत पांढरी फार थोडी. बहुतेक पत्र्याची, उन्हात लखलखणारी. ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या पत्र्यांखाली आत्ता माणसं असतील, नाही का हो?" आपल्या परीक्षेपेक्षा अवघड प्रश्नपत्रिका आजूबाजूला सोडवल्या जात असतात, हे गार डब्यात बसल्यावर जास्त टोचते.

गुरुवार, ३० मे. दुपारपासून फोन घणघणू लागले. आधी बंगळूर, मग पुणे, मग हिचा इंदूरचा भाऊ. नागपुरात ५६ अंश झाले म्हणे! मुलाचा आवाज कापत होता. "बाबा, मी विमानाची तिकिटं काढतोय." मी खिडकीचा पडदा बाजूला करून पाहिले. कडुनिंब जागेवर होता, त्याखाली कुत्रे झोपले होते. रोजच्या इतकेच ऊन होते, म्हणजे पुष्कळ होते. पुढे हवामान खात्याने खुलासा केला, की शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने तो आकडा दाखवला खरा, पण यंत्रात बिघाड होता. इतर ठिकाणी पारा पंचेचाळिसाच्या आसपासच होता. ही फोनवर मुलाला म्हणाली, "अरे, ज्या मोजपट्टीनं एकाच गावात दहा अंशांचा फरक दाखवला ती आधी तपासायची असते." तिकिटे रद्द झाली. पण फोन ठेवल्यावर तिने मला पेला भरून दिला आणि स्वतःही प्यायली, तक्त्याच्या वेळेआधीच.

खरी परीक्षा ५६ अंशांची नव्हती. ती शुक्रवारी रात्री आली.

रात्री दहाच्या सुमारास वीज गेली. अर्धा तास झाला, तास झाला. कूलर हा विजेवाचून केवळ पाण्याची टाकी. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री ती उष्णता खोलीत सोडतात. हात लावला तर पाठीशी तवा असल्यासारखे वाटते. आम्ही सतरंजी आणि पाण्याची सुरई घेऊन गच्चीवर गेलो. आमच्या लहानपणी सगळे नागपूर उन्हाळ्यात गच्चीवर आणि अंगणात झोपत असे. बाजांच्या रांगा, ओल्या चादरी, आणि एका घरातली गोष्ट तीन घरांनी ऐकायची. कूलर आले आणि माणसे आत गेली. त्या रात्री मात्र एकेक करून सगळ्या गच्च्या जाग्या झाल्या. कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांनी पलीकडून हाक दिली, कोणी बर्फ फोडला, कोणाचे नातवंड चांदण्या मोजू लागले. मला तर त्या अंधारात मजाच वाटू लागली होती.

ही मात्र बोटे मोडीत काहीतरी मोजत होती. "अहो, सात घरं ना? गच्चीवर सहाच दिसतात. सिस्टर कुठे आहेत?"

त्यांच्या घरात अंधार होता. पण अंधार सगळीकडेच होता. मी म्हटले, झोपल्या असतील. ही तोवर जिना उतरली होती. आम्ही दार वाजवले. उत्तर नाही. वकीलसाहेब बॅटरी घेऊन आले. सिस्टरांच्या एका किल्लीचा मुक्काम त्यांच्याकडे असे. दार उघडले तर आतली हवा भट्टीसारखी अंगावर आली. सगळ्या खिडक्या आतून बंद. एकटी बाई, चोरीची भीती, म्हणून रात्री खिडक्या लावून घेण्याची त्यांची सवय. कूलर चालू असता तर निभावले असते. त्या पलंगावर पडल्या होत्या. अंग तापलेले, कातडी कोरडी, आणि बोलणे असंबद्ध. हिला त्या वॉर्डातली कोणी पेशंट समजत होत्या.

पुढचा अर्धा तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. खिडक्या उघडल्या. ओले पंचे मानेवर, काखेत, पायांवर ठेवले. दोघे जण सुपाने वारा घालू लागले. तोंडात पाणी घालू नका, शुद्ध धड नाही, ठसका लागेल, हे ही मोठ्याने सांगत होती. आणि हे तिला दोन वर्षांपूर्वी सिस्टरांनीच शिकवले होते. १०८ ला फोन केला. गाडी आली. इस्पितळात उष्माघाताच्या रुग्णांसाठी वेगळा थंड कक्ष होता. नागपूर महापालिकेचा उष्णतेचा आराखडा २०१६ पासून आहे, त्यात अशा कक्षांची तरतूद आहे, हे मला वर्तमानपत्रातून ठाऊक होते. त्या रात्री त्या ओळीचा अर्थ कळला. पहाटे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "वेळेवर आणलंत. आणखी एखादा तास गेला असता तर सांगता आलं नसतं."

शनिवारी आम्ही दोघे झोपलो नाही, बोललोही फारसे नाही. वीज पहाटेच आली होती. संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, निभावला का नवतपा?" अजून एक दिवस बाकी होता, पण निकाल लागल्यासारखाच होता. मला वाटले, ही सरळ हो म्हणेल. ती म्हणाली, "आम्ही दोघांनी नाही निभावला रे. गल्लीनं निभावला." आणि तिने त्याला सगळे सांगितले, काही न लपवता. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "म्हणजे राहायचं म्हणतेस की यायचं म्हणतेस?"

तिचे उत्तर गणिताच्या बाईला शोभेल असेच होते. "गल्लीत दार वाजवणारं माणूस आहे तोवर राहू. पत्रे ठोकलेली घरं दोन आहेत. ती चार झाली की सांगते."

मला त्या उत्तराचा विचार पुष्कळ दिवस पुरला. उन्हाळ्याशी लढायला आम्ही किती वस्तू जमवतो! कूलर, चुना, पन्हे, गार डब्याची सहल. यांतले काही खोटे नाही. पण म्हाताऱ्या माणसाचा जीव शेवटी ज्या गोष्टीने वाचला ती या यादीतच नव्हती. कोणीतरी अंधारात गच्च्या मोजल्या आणि एक कमी भरली, एवढेच झाले होते. आमची मुले दूर आहेत याचे दुःख आम्ही करतो; ती यावीत अशी आमची अपेक्षाही नाही, त्यांचे संसार तिथे आहेत. पण मुलगा हजार किलोमीटरवरून ५६ आकडा पाहू शकतो. बंद खिडकी पाहायला समोरचेच माणूस लागते. जुन्या वस्त्या पाडून उंच इमारती उभ्या राहतात तेव्हा चटईक्षेत्राचा हिशेब होतो. कोण कोणाच्या दाराकडे पाहते, हे त्या हिशेबात कुठे धरतात ते मला अजून सापडलेले नाही.

सिस्टर चार दिवसांनी घरी आल्या. अशक्त होत्या, पण आल्या आल्या आमच्या तक्त्यावरून नजर फिरवून माझ्या लाल शेऱ्यांबद्दल मला झापायला विसरल्या नाहीत. त्यांच्या खिडक्यांना गल्लीने वर्गणी काढून लोखंडी जाळी बसवून दिली, म्हणजे उघड्या ठेवून झोपता यावे. आणि त्याच आठवड्यात वकीलसाहेबांच्या ओट्यावर बसून सर्वांनी एक साधा नियम केला. त्याला ना वर्गणी, ना यंत्र. रोज सकाळी सात वाजेपर्यंत प्रत्येक दारात रांगोळी पडली पाहिजे. चार ठिपके असले तरी चालतील. वकीलसाहेब विधुर, त्यांना रांगोळी येत नाही, म्हणून ते खडूने फुली काढतात. सातनंतर ज्या दारात काही दिसणार नाही, तिथे समोरच्याने जाऊन कडी वाजवायची. चुकून झोप लागली असेल तर रागवायचे नाही, उठून चहा पाजायचा.

आजवर तीनदा कडी वाजली आहे. तिन्ही वेळा चहाच झाला.